रिव्हॉल्व्हर मिळालं, पण चालवायला शिकवणार कोण?

घाटवाट:
मुळशीकडे शेतघर आहे. आठवड्यातले चार दिवस मी आणि आई, हाकेच्या अंतरावर कोणी नाही. दोन वर्षांमागे मागच्या दारानं चोर शिरले, तेव्हा परवान्यासाठी अर्ज केला. फेऱ्या, चौकश्या, मुलाखत सगळं होऊन शेवटी .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर हातात आलं. शस्त्र नियम 2016 प्रमाणे आधी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते एका दुपारीत उरकलं. नळी कुणावर रोखू नका, चापावर उगाच बोट ठेवू नका, एवढं पाचदा ऐकलं आणि कागदी निशाणावर मोजून दहा गोळ्या झाडल्या. झालं शिक्षण!

रात्री दोन वाजता झोपेतून उठून, हात थरथरत असताना काय करायचं, हे कोणी सांगत नाही. नेमबाजीच्या क्लबात गेलो तर सगळं लख्ख उजेडात, पाय रोवून. गाडी शिकवतानाही रहदारीत नेतात की. पोलिसांच्या गोळीबार सरावाच्या रेंजवर परवानाधारकांकडून फी घेऊन वर्षातून दोनदा असा सराव करून घ्यायला काय हरकत आहे?

निवृत्त फौजदार:
हरकत आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस टुलर नावाच्या पोलिसानं घड्याळ लावून मोजलं होतं, 1983 साली त्यानं ते लिहिलं. चाकू घेतलेला माणूस 21 फूट साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेचं हत्यार काढून दोन गोळ्या झाडायला सरावलेल्या पोलिसालाही तेवढाच वेळ लागतो. तुमचं हत्यार कमरेला नाही, कपाटात कुलपात आहे. किल्ली कुठे ठेवता?

घाटवाट:
उशीखाली. पण काका, टुलरनं ते पोलिसांना सराव देतानाच मोजलं ना? म्हणजे हा दाखला माझ्याच बाजूचा झाला.

कोल्हापुरी छर्रा:
नऊ वर्षं 10 मीटर एअर पिस्तूल खेळतोय. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसळे आमच्याच जिल्ह्यातले, त्यामुळे इथं गल्लीत कुणालाही विचारा, नेमबाजीवर तासभर बोलेल. पण दादा, आमचा खेळ आणि तुमची गरज यांत जमीन-अस्मानाचं अंतर. तरी एक गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे. रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, ओढताना नळी हलतेच. सिलिंडर उघडून काडतुसांची सगळी घरं रिकामी आहेत का बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग नळीवर पुढच्या माशीजवळ, म्हणजे नेम धरायच्या टोकाजवळ, एक रुपयाचं नाणं ठेवून, भिंतीकडं तोंड करून चाप ओढा. नाणं पडता कामा नये. महिनाभर रोज वीस मिनिटं हे करा, मग अंधाराचं बोलू. दहा गोळ्यांत हात बसत नसतो. आणि परवान्यावर वर्षाच्या काडतुसांचा आकडा ठरलेला असतो, सरावात उडवून बसलात तर घरी काय ठेवणार?

रातपाळीवाली:
2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. तेव्हा माझा सहा महिन्यांचा पगार मिळूनही तेवढा होत नव्हता. मी नर्स आहे, दीड वाजता सुटते. मला स्टॉपवर दिवा हवाय आणि 112 लावल्यावर वेळेत येणारी गाडी. पोलिसांनी वेळ आणि रेंज रिव्हॉल्व्हरवाल्या शे-दोनशे लोकांवर का घालवायची?

घाटवाट:
ताई, मुळशीत 112 ची गाडी यायला पाऊण तास लागला होता. पावसात.

रातपाळीवाली:
मग भांडायचं ते त्या पाऊण तासावर. बरं, घरातलं हत्यार घरातल्याच माणसाला लागतं, ते वेगळंच. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिनेता गोविंदाच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. समोर चोर नव्हता.

कोल्हापुरी छर्रा:
हे उदाहरण सरावाच्या विरोधात जात नाही ओ ताई, उलट जास्त सराव हवा हेच सांगतंय.

काळा कोट:
कायद्याचं कुणीच काढलं नाही म्हणून. भारतीय न्याय संहितेचं कलम 41 सूर्यास्तानंतरच्या घरफोडीत मालमत्तेच्या बचावासाठी जीव घेण्यापर्यंतही हक्क देतं. पण त्याला कलम 37 चा लगाम आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी लागली की तुम्ही आरोपी. सराव द्यायचाच तर कधी झाडायची नाही याचा आधी द्या. एका दुपारच्या कोर्सात यातलं अवाक्षर तरी होतं का?

घाटवाट:
नाही. खरंच नाही.

निवृत्त फौजदार:
वकीलसाहेब बरोबर बोलले. माझी भीती वेगळी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाला मारलं. हत्यार परवान्याचं, मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर. तिथे नेम चुकला नव्हता. घाटवाट, तुम्ही सज्जन आहात, पण तुमच्या मागच्या रांगेत कोण उभं असेल ते रेंजवरच्या हवालदाराला कळणार नाही.

कोल्हापुरी छर्रा:
साहेब, तसल्यांना शिकायला पोलिसांची रेंज लागते होय? त्यांच्याकडं गावठी कट्टे असतात आणि सरावाला माळरान.

घाटवाट:
काल रात्री नाणं ठेवून बघितलं. सिलिंडर तीनदा उघडून पाहिलं, काडतुसं स्वयंपाकघरात ठेवली. सहापैकी पाच वेळा नाणं पडलं. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, रुपये वेचत बसण्यापेक्षा मागच्या दाराला अडसर लावून घे. सुताराला निरोप धाडलाय. रेंजचा अर्जही लिहायला घेतलाय, फौजदार काका, कुणाच्या नावे करू?