मदत हवी आहे: बारा माणसांचा डच स्टाम्पोट, त्यात दोघी शाकाहारी

लाटणं

नेदरलँड्सवाले आणि बटाट्यातले जाणकार, दोघांनीही या धाग्यावर यावं ही विनंती.

आम्ही आइंडहोवनजवळच्या फेल्डहोवनला राहतो. गल्लीतल्या पाच-सहा घरांचं थंडीत एकदा एकत्र जेवण असतं आणि त्यातला स्टाम्पोट दरवर्षी पलीकडच्या घरातल्या आजी करतात. यंदा त्यांचं मनगट मोडलंय, उजवा हात प्लास्टरमध्ये. या पदार्थात सगळी मेहनत मनगटाचीच. मी म्हटलं, मी रगडते, तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि सांगा. त्या लगेच तयार झाल्या, पण प्रमाण विचारलं की हाताने हवेत एक गोल काढतात आणि 'एवढं' म्हणतात. त्यावरून बाजारहाट कसा करायचा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उकडलेला बटाटा रगडायचा, त्यात भाजी मिसळायची, सोबत बेकनचे परतलेले तुकडे. एवढाच पदार्थ. भाजीप्रमाणे नाव बदलतं. केल म्हणजे कोबीच्या कुळातला पाला घातला की बूरेनकोल, गाजर-कांदा घातला की हुत्स्पोत, आंबवलेला कोबी घातला की झ्यूरकोल. आजींचा असतो अंडायव्हीचा. अंडायव्ही म्हणजे दिसायला लेट्यूससारखा, पण जरा कडवट पाला. तो बारीक चिरून कच्चाच गरम बटाट्यात घालतात.

अडचणी अशा. तीन किलोच्या आसपास बटाटा हाताने रगडायचा म्हणजे दंड भरून येणार. नवरा म्हणतो हँड ब्लेंडर लाव, पाच मिनिटांत मोकळी होशील. हे ऐकून आजींनी डोळे वटारले, पण का नाही ते काही सांगेनात. दुसरं, जेवण आमच्या घरी नाही, कोपऱ्यावरच्या छोट्या हॉलमध्ये आहे. तिथे ओव्हन आहे, शेगडी नाही. डच मंडळी सहाच्या ठोक्याला ताटावर बसतात, त्यामुळे उशीर चालणार नाही. तिसरं आणि नाजूक: सासूबाई इथे आल्यात, पूर्ण शाकाहारी. समोरच्या घरातली मुलगीही मांस खात नाही. बेकनचं काय करू? सासूबाई काही बोलणार नाहीत, फक्त 'मला भूक नाही गं' म्हणतील. ते मला नकोय.

आगाऊ धन्यवाद.

खलबत्ता

ब्लेंडर अजिबात नको. आजी बरोबर आहेत. हॉटेलच्या किचनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत म्हणून कारण सांगतो.

बटाट्याच्या पेशींमध्ये स्टार्चचे कण असतात. उकडताना ते पाणी पिऊन फुगतात, पण पेशीच्या आतच राहतात. हाताने दाबलं की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, बऱ्याचशा फुटत नाहीत, म्हणून बटाटा भुसभुशीत लागतो. ब्लेंडरचं पातं पेशी कापतं, आतला फुगलेला स्टार्च बाहेर येतो आणि सगळ्याची खळ होते. एकदा चिकट झालं की दूध, लोणी, काहीही घाला, परत येत नाही. हाताने रगडतानाही फार वेळ घोटत बसू नका. गुठळ्या मोडल्या की थांबा. स्टाम्पोटात चार गाठी राहिल्या तर उलट चांगलं.

बटाटा सोलून सारख्या आकाराचे मोठे तुकडे करा आणि थंड पाण्यातच मीठ घालून चढवा. उकळत्या पाण्यात टाकला तर बाहेरून विरघळतो आणि आत कच्चा राहतो. उकळी आल्यावर पंधरा-वीस मिनिटं. सुरी सहज गेली की पाणी पूर्ण काढा. मग ही पायरी बहुतेक जण गाळतात: रिकाम्या केलेल्या पातेल्यात बटाटा परत मंद आचेवर ठेवून एक-दोन मिनिटं हलवा. वाफ निघून जाऊ दे. कडा पांढुरक्या आणि पिठाळ दिसायला लागल्या की रगडायला घ्या. दूध गरम करून घाला, फ्रीजमधलं ओतू नका.

कुकर लावायचा असेल तर अख्खे, सालासकट, जाळीवर. चिरून पाण्यात बुडवून शिट्ट्या काढल्या तर पाणी पितो.

कालव्याकाठी

लायडनहून. ताई, दुकानात पिशवी नीट वाचून घ्या, अर्धी लढाई तिथेच आहे. 'क्रॉयमिख' लिहिलेला पिठाळ बटाटा हवा. 'फास्टकोकंट' म्हणजे शिजूनही आकार न सोडणारा, तो सॅलडचा. तो रगडायला घेतलात तर हात दुखतील आणि वर गुळगुळीत लगदा मिळेल. आमच्या शेजारचे आजोबा अजून बिंट्ये जातच मागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीसलंडमधल्या एका शाळामास्तरांनी ती तयार केली आणि आपल्या विद्यार्थिनीचं नाव दिलं. मला डोरे जात जास्त आवडते, पटकन फुटते.

प्रमाण: माणशी पाव किलो बटाटा धरा, म्हणजे तीन किलो. अंडायव्ही दीड किलो, तीन-चार मोठे गड्डे होतील. चिरल्यावर डोंगर दिसेल, घाबरू नका, गरम बटाट्यात बसतो. दूध तीनशे ते चारशे मिली, लोणी दीडशे ग्रॅम. बेकन खाणारे दहा असतील तर अडीचशे ग्रॅमची तीन पाकिटं. मोहरीच्या सॉसची (मस्टर्ड) बाटली टेबलावर पाहिजेच, आणि व्हिनेगरमधल्या काकड्या.

आणि जायफळ! बटाटा रगडताना किसून घाला, अगदी चिमूटभर. इथल्या जुन्या बायका फ्लॉवरपासून बटाट्यापर्यंत सगळ्यावर जायफळ किसतात. ज्या जायफळासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर कत्तल केली, ते आता प्रत्येक घरात मिठाच्या शेजारी बसलंय. असो, हे अवांतर झालं.

वऱ्हाडी_ठेचा

बटाटा, पाला, लोणी, जायफळ. मिरची कुठाय? वरून लसूण-मोहरीची फोडणी द्या हो, सगळे डच बोटं चाटतील.

कालव्याकाठी

@वऱ्हाडी_ठेचा, घरी जरूर द्या. मीही देते, सुक्या मिरचीसकट. पण इथे आजींचा पदार्थ आजींच्या गल्लीत वाढायचा आहे. लोक वर्षभर त्याच चवीची वाट बघत असतात. फोडणी दिलीत तर 'छान आहे, पण...' ऐकावं लागेल. ठेचा वेगळ्या वाटीत न्या, इंडोनेशियामुळे सांबाल म्हणजे तिथली मिरचीची चटणी इथे घरोघरी असतेच. ज्याला हवं तो घेईल.

लाटणं

ब्लेंडरचं कारण नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने ब्लेंडर गुपचूप परत कपाटात ठेवला. :)

रगडायला आजींचा लोखंडी स्टाम्पर आहे, पण त्याची दांडी सैल झालीय. माझ्याकडे पुण्याहून आणलेला पावभाजीचा स्मॅशर आहे, चालेल का? आणि खरा प्रश्न अजून तसाच आहे: हॉलपर्यंत न्यायचं कसं, आणि बेकन.

खलबत्ता

पावभाजीचा स्मॅशर उत्तम. फक्त वरून खाली दाबा, तव्यावर भाजी घोटतो तसा गोल फिरवू नका.

बेकनबद्दल: तुकडे थंड पॅनमध्ये टाका आणि मग खाली मंद आच लावा. तेल घालू नका. गरम पॅनमध्ये टाकले तर बाहेरून करपतात आणि आतली चरबी तशीच राहते. सावकाश केलं की चरबी सुटते आणि तुकडे आपल्याच चरबीत कुरकुरीत होतात. पॅनमध्ये गर्दी केली तर पाणी सुटून उकडल्यासारखे होतील, म्हणून पाऊण किलो दोन-तीन खेपांत करा. बेकन मुळात खारवलेलं असतं, त्यामुळे बटाट्यात मीठ हात राखून.

उत्तरध्रुव

चरबी फेकू नका म्हणजे झालं! स्टाम्पोटाला खरी चव त्या चरबीची. आमच्याकडे उत्रेख्तला सासरी (सासर डच) निम्मं लोणी आणि निम्मी बेकनची चरबी घालतात. त्याशिवाय तो नुसता आजारी माणसाचा बटाटा.

शेवग्याची_शेंग

@उत्तरध्रुव, पण मग सासूबाई काय खाणार? मूळ प्रश्न वाचा की.

माझं मत: सगळं पातेलं शाकाहारी ठेवायचं, फक्त लोणी. बेकन वेगळ्या भांड्यात, त्याचा चमचा वेगळा, आणि ते भांडं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. शेजारी शेजारी ठेवलं की कुणीतरी तोच चमचा इकडे घालतं. आमच्या मंडळात हे प्रत्येक वेळी होतं आणि मग बिचारे शाकाहारी लोक भात-लोणचं खातात.

चीज घालणार असाल तर वेष्टन बघा. इथल्या बऱ्याच पारंपरिक गौडा चीजमध्ये वासराच्या पोटातून काढलेलं, दूध गोठवणारं रेनेट वापरतात. सासूबाईंना ते चालणार नाही. वनस्पतीजन्य किंवा मायक्रोबियल रेनेट लिहिलेलं घ्या. ग्रेव्हीची पुडीही तशीच तपासा. त्यापेक्षा दोन कांदे लोण्यात अगदी तपकिरी होईपर्यंत परता, चमचाभर मोहरीचा सॉस, भाज्यांचा स्टॉक, जरा आटवा. स्टाम्पोटात मध्यभागी खळगा करून ग्रेव्ही ओततात, ते शाकाहारी ताटातही झालं पाहिजे. मजा त्या खळग्यात आहे.

उत्तरध्रुव

बरं, तह करू. बटाटा आणि पाला लोण्यात मिसळून झाला की आधी दोघींसाठी भरपूर काढून घ्या, झाकून बाजूला ठेवा, आणि मगच उरलेल्यात चरबी ओता. भरपूर म्हणजे खरंच भरपूर. शाकाहारी भांड्यावर बाकीचेही डल्ला मारतात, ते कधीच पुरत नाही.

शाकाहारी स्पेक्येस म्हणजे बेकनच्या तुकड्यांची नक्कलही सुपरमार्केटात मिळते. मला रबरी वाटते. स्मोक्ड टोफूचे बारीक तुकडे तेलात कुरकुरीत करून घातले तर धुरकट वास मिळतो आणि सासूबाईंना काही समजावत बसावं लागत नाही. वरून भाजलेले अक्रोड.

डब्लिनचा_पाऊस

आयर्लंडमध्ये हाच प्रकार कोलकॅनन म्हणून करतात, केल किंवा कोबी घालून, शेजारी उकडलेलं बेकन. पातीचा कांदा दुधात उकळून घातला की त्याला चॅम्प म्हणतात. बेल्जियममध्ये स्टुम्प. बटाटा आणि थंडी असलेल्या सगळ्या देशांना एकच कल्पना सुचलेली दिसते.

कामाचं सांगतो: अंडायव्हीऐवजी केल घ्या ना. केल बटाट्याच्या वरच एका पातेल्यात शिजते, थांबली तरी बिघडत नाही, उलट तासाभराने चव मुरते. शिवाय थंडी पडून गेलेली केल कमी कडू असते, कारण गारठ्यात पानांमध्ये साखर वाढते. कच्चा पाला वाट बघायला लावलात तर पाणी सोडणार.

लाटणं

केलचं मलाही सुचलं होतं, पण आजींचं अंडायव्हीवर एकमत आहे. त्यांच्या एकटीचंच, पण एकमत. :)

कालव्याकाठी

मग असं करा. घरी बटाटा रगडून दूध-लोणी घालून ठेवायचा, पण पाला घालायचा नाही. जाड बुडाच्या दोन पातेल्यांत भरा, वर घट्ट झाकण, भोवती टॉवेल आणि ब्लँकेट. अर्धा तास सहज कढत राहतो. जुन्या काळी इथे गवत भरलेल्या पेटीत पातेलं ठेवून हेच करायचे. हॉलवर गेल्या गेल्या ओव्हनमध्ये ९० अंशावर ठेवून द्या.

पाला आदल्या रात्री धुवा, कारण त्यात वाळू असते, दोन-तीन पाण्यांतून काढावा लागतो. सॅलड स्पिनरमध्ये फिरवून पूर्ण कोरडा करा आणि पंचात गुंडाळून फ्रीजमध्ये. पाणी सुटतं ते बरंचसं धुतल्याचंच असतं. चिरायचा त्याच दिवशी, अर्धा सेंटीमीटरचे पट्टे. दांड्याकडचा पांढरा भाग सर्वांत बारीक. सहाला दहा कमी असताना बटाटा ओव्हनमधून काढा आणि पाला तीन हप्त्यांत मिसळा, एकदम सगळा ओतू नका, बटाटा गार पडतो. पानं जरा मलूल पण हिरवीगार दिसली पाहिजेत आणि दाताखाली कचकन लागली पाहिजेत. चरबी ओतणार असाल तर ती शेवटी. बेकन घरूनच करून न्या, ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवलं की परत कुरकुरीत.

सोबत रोकवोर्स्ट म्हणजे स्मोक्ड सॉसेज असेल तर ते उकळू देऊ नका, फुटतं. पाकिटासकट उकळीच्या खालच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं.

खलबत्ता

+१. फक्त बटाटा थोडा सैल ठेवा, थांबल्यावर घट्ट होतो. वाटीभर गरम दूध थर्मासमध्ये घेऊन जा.

मीठभाकर

वाखुसा (वाचनखूण साठवली). नाशकात अंडायव्ही कुठून आणू? इथे काय घालता येईल?

कालव्याकाठी

मुळ्याचा कोवळा पाला घ्या. इथे वसंतात सलगमाची कोवळी पानं अशीच कच्ची घालतात, त्याच्या सगळ्यात जवळचा तोच. मेथी कच्ची फार कडू होईल. पालक चालेल, पण पाणी जास्त सोडतो. बटाटा जुना घ्या, नवा ओलसर असतो. चिप्सोना मिळाला तर उत्तमच, वेफर्ससाठीच काढलेली जात आहे, पाणी कमी असतं.

वऱ्हाडी_ठेचा

तुम्ही लायडनच्या ना? मग तुमचा तो हुत्स्पोत. ३ ऑक्टोबरला खातात, तो.

कालव्याकाठी

हो, १५७४ मध्ये स्पॅनिश वेढा उठला त्याची आठवण. उपाशी शहरातला एक अनाथ मुलगा रिकाम्या छावणीत गेला आणि त्याला तिथे शिजलेलं भांडं सापडलं, अशी दंतकथा आहे. त्यात बटाटा नव्हता बहुधा, पार्सनिप वगैरे कंदमुळं असावीत, कारण बटाटा इथे रोजच्या जेवणात यायला अजून बराच अवकाश होता. आता किलोभर बटाट्याला किलोभर जाडी गाजरं आणि अर्धा किलो कांदा घालतात, सोबत बीफ. सकाळी शहरात हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटतात. पण यावर वेगळा धागा काढा, लाटणंताईंचं जेवण राहील बाजूला.

लाटणं

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: क्रॉयमिख तीन किलो, दोन पातेली. लहान पातेल्यात सासूबाई आणि ती मुलगी, त्यात चार जणांना पुरेल एवढं. मोठ्यात शेवटी चरबी, आजींनी मान हलवली तर. टोफू आणि अक्रोड घेतले. चीज घेतलंच नाही, कटकटच नको. कांद्याची ग्रेव्ही सासूबाई स्वतः करणार आहेत, मोहरीऐवजी काळा मसाला घालू का विचारत होत्या. सांगितलं, चिमूटभर घाला, पण आजींसमोर नको.

आजींना पावभाजीचा स्मॅशर दाखवला. त्यांनी डाव्या हाताने टेबलावर दोनदा ठोकून बघितला आणि विचारलं, असा अजून एक मागवता येईल का? मार्चमध्ये कुणी पुण्याहून आइंडहोवनला येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.