ग्राफिक्स कार्डाच्या रिव्ह्यूत फक्त फ्रेम मोजायच्या आणि चित्र बघायचंच नाही, हे कसं चालतं?

पिक्सेलवेडा

सध्या कुठलाही रिव्ह्यू उघडा, आडव्या पट्ट्यांचे वीस तक्ते, ह्या कार्डावर सेकंदाला ९२ फ्रेम (म्हणजे चित्रं), त्यावर ८४, आणि शेवटी 'हे घ्या'. पण त्या ९२ फ्रेममध्ये दिसतं काय, दोन्ही कार्डं एकच चित्र काढतायत का, ह्यावर चकार शब्द नाही. माझं म्हणणं असं की चित्र सारखं नसेल तर वेगाची तुलनाच होऊ शकत नाही, आणि रिव्ह्यूतला खरा पक्षपात तिथेच शिरतो. लोक लगेच म्हणतात पैसे खाल्ले, कार्ड फुकट मिळालं. असेलही, पण त्याची गरजच पडत नाही हो. कुठले गेम घ्यायचे, सेटिंग काय लावायचं, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून उजेड-सावल्या काढणं) चालू की बंद, एवढं ठरलं की निकाल निम्मा लागलेलाच असतो.

हे आजचं नाहीये. २००१ मध्ये एटीआयच्या (हीच पुढे एएमडीत गेली) रेडिऑन ८५०० चा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, क्वेक ३ ची फाइल नावावरून ओळखायचा आणि त्या गेमपुरती टेक्स्चरं (वस्तूंवर चढवलेली चित्रं) गुपचूप हलकी करायचा. हार्डओसीपी ह्या रिव्ह्यू साइटने फाइलच्या नावातलं 'क्वेक' बदलून 'क्वॅक' केलं, तर टेक्स्चरं स्वच्छ दिसायला लागली आणि वेग खाली आला. २००३ मध्ये एनव्हिडियाची पाळी. थ्रीडीमार्क ०३ ह्या वेग मोजायच्या चाचणीत कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो हे ड्रायव्हरला माहीत होतं, म्हणून त्या वाटेवरून जे दिसणारच नाही ते काढायचंच नाही असं आधीच छाटून ठेवलेलं. एक्स्ट्रीमटेक साइटने कॅमेरा वाटेवरून बाजूला नेला आणि आकाशाचं वाटोळं झालेलं दिसलं. थ्रीडीमार्क बनवणाऱ्या फ्युचरमार्कने पॅच काढल्यावर एनव्हिडियाच्या एफएक्स ५९०० अल्ट्राचा स्कोअर २४.१ टक्के पडला, एटीआयच्या कार्डाचाही १.९ टक्के पडला. म्हणजे दोघंही त्यातलेच, उगाच मला कुणी लाल (एटीआय-एएमडी) किंवा हिरव्या (एनव्हिडिया) टीमचा म्हणू नका.

आज असं काही लपवायची गरजच राहिली नाही, स्टेजवर उभं राहूनच सांगतात. जानेवारी २०२५ ला सीईएस ह्या इलेक्ट्रॉनिक्स मेळ्यात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग म्हणाले की नव्या ५०७० कार्डात आधीच्या सगळ्यात वरच्या ४०९० चा परफॉर्मन्स मिळणार, ५४९ डॉलरला. कसा, तर एका खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम घालून. ह्याला मी वेग म्हणायला तयार नाही.

ठाणेकर००७

असहमत. मी काउंटर स्ट्राइक खेळतो, सगळं लो वर, सावल्या बंद, २४० हर्ट्झचा मॉनिटर. मला भिंतीवरचं प्लास्टर किती छान दिसतं ह्याच्याशी काय करायचंय? मला फ्रेम हव्यात आणि रिव्ह्यूने त्याच सांगाव्यात. आमच्यासारखे लोक कमी नाहीत दादा.

रेंडरबाज

पिक्सेलवेडा, इतिहास बरोबर सांगितलात, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. त्या जुन्या दोन्ही प्रकरणांत चोरी होती, म्हणजे कंपनी सांगायची एक आणि करायची दुसरंच. डीएलएसएसमध्ये (एनव्हिडियाचं हेच तंत्र, कमी पिक्सेल काढून बाकी अंदाजाने भरायचे, मधल्या फ्रेमही बनवायच्या) लपवण्यासारखं काय आहे? मेन्यूत नाव लिहिलेलं असतं, तुम्ही स्वतः चालू करता, नको असेल तर बंद करा. दोन्ही एकाच तागडीत कसं काय तोलता?

आणि दुसरं, 'नेटिव्ह (सगळे पिक्सेल खरेच काढलेलं चित्र) म्हणजे शुद्ध' हे डोक्यातून काढा. आजकालच्या बऱ्याच गेममध्ये नेटिव्हला टीएए (कडांचे दाते घालवायचं तंत्र) बसवलेलंच असतं आणि ते स्वतःच चित्र मऊ करतं. २०२० मध्ये डेथ स्ट्रँडिंग पीसीवर आला तेव्हा डीएलएसएस २ चं क्वालिटी मोड बारीक तारा आणि केस नेटिव्हपेक्षा स्वच्छ काढत होतं, तेही कमी पिक्सेल रेंडर करून. २०१८-१९ चं पहिलं डीएलएसएस खरंच वाईट होतं, बॅटलफिल्ड ५ मध्ये तर पडद्यावर तेल फासल्यासारखं दिसायचं, तिथे माझा काही वाद नाही. पण लोक अजून त्याच मतावर अडून बसलेत. ज्याच्याकडे आरटीएक्स कार्ड आहे तो घरी अपस्केलिंग (डीएलएसएससारखं, लहान चित्र मोठं करणं) लावूनच खेळणार, मग रिव्ह्यूवाला नेटिव्हवर आकडे काढून नक्की कुणासाठी काढतोय? तो पण पक्षपातच झाला की, फक्त उलट्या बाजूचा.

पिक्सेलवेडा

@ठाणेकर००७ तुमचं बरोबर आहे पण तुमच्या बाबतीत माझी अट आपोआपच पाळली जाते, सगळं लो वर आणि अपस्केलिंग बंद म्हटल्यावर दोन्ही कार्डं तेच चित्र काढतात, तिथे फ्रेम खुशाल मोजा.

@रेंडरबाज, डीएलएसएस वाईट आहे असं मी कुठे म्हटलं? तुलना कशी करायची हा मुद्दा आहे. मार्च २०२३ मध्ये हार्डवेअर अनबॉक्स्ड ह्या यूट्यूब चॅनेलने ठरवलं की सगळ्या कार्डांवर एफएसआर २ च (एएमडीचं, पण कुणाच्याही कार्डावर चालणारं अपस्केलिंग) लावायचं, म्हणजे सगळ्यांना सारखं. लोक तुटून पडले, कारण एनव्हिडियावाला डीएलएसएस सोडून एफएसआर कशाला लावेल. शेवटी त्यांनी तक्त्यातून अपस्केलिंगच काढून टाकलं. बरं, प्रत्येक कार्डाला आपापलं लावू दिलं असतं तर? दोन्हीकडे मेन्यूत 'क्वालिटी' लिहिलेलं, दोन्हीकडे ४के साठी आतून १४४० पी च रेंडर होतं, पण चित्र सारखं येत नाही. एफएसआर २ मध्ये लांबचं तारेचं कुंपण बघा कॅमेरा हलवून, सगळं चमचम करतं, गवत उकळल्यासारखं हलतं, डीएलएसएसमध्ये ते बऱ्यापैकी स्थिर राहतं. फ्रेम मात्र तक्त्यात साधारण सारख्याच. म्हणजे नुसत्या फ्रेम मोजल्या तर इथे नुकसान एनव्हिडियाचं होतं! त्यांच्या चांगल्या चित्राचं श्रेय त्यांना मिळत नाही. हे त्यांच्या बाजूचे लोकही बोलत नाहीत ह्याचंच मला नवल वाटतं.

जुनीमदरबोर्ड

धाग्याशी सहमत आणि एक भर घालते. ८ जीबी मेमरीच्या कार्डांचं प्रकरण कुणी काढलं नाही अजून. २०२३ मध्ये हॉगवर्ट्स लेगसी, फोरस्पोकन हे गेम आले तेव्हा ३०७० सारख्या ८ जीबी कार्डांवर एक विचित्र प्रकार दिसला. मेमरी भरली की काही गेम अडखळतात, ते निदान फ्रेमटाइमच्या (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेच्या) आलेखात दिसतं तरी. पण काही गेम अडखळतच नाहीत, ते चूपचाप टेक्स्चरंच पूर्ण लोड करत नाहीत. भिंत, दगड, माणसाचा कोट, सगळं चिकट चिखलासारखं, कधी दोन सेकंदांनी नीट होतं कधी होतच नाही, आणि मेन्यूत सेटिंग 'अल्ट्रा'च. फ्रेम १६ जीबीच्या कार्डाएवढ्याच. तक्त्यात दोन पट्ट्या शेजारी शेजारी सारख्या लांबीच्या. हा तक्ता बघून कुणी ८ जीबीचं कार्ड घेतलं तर दोष कुणाचा?

आपल्याकडे तर हे जास्त लागतं कारण लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, बजेटमध्ये बसतं ते ८ जीबीचंच, आणि एकदा घेतलेलं कार्ड चार-पाच वर्षं काढायचं असतं. दरवर्षी बदलणारे आपण नव्हे.

ठाणेकर००७

ताई हा मुद्दा मान्य. हे मला माहीत नव्हतं.

फ्रेमवाला_नाशिक

मान्य काय लगेच? टेक्स्चर हाय वर घ्या, प्रश्न मिटला. अल्ट्रा आणि हाय मधला फरक खेळताना कुणाला दिसत नाही. चित्र थांबवून चारशे टक्के झूम करून लाल गोल काढणाऱ्यांनी हे सगळं वाढवून ठेवलंय. गेम खेळायचा असतो, तपासायचा नसतो.

जुनीमदरबोर्ड

हाय वर घ्या हे बरोबर, पण मग रिव्ह्यूने तसं लिहावं ना की हे कार्ड इथे अल्ट्रा झेपत नाही, हाय लावा. त्याने तर अल्ट्राचा आकडा छापला आणि पुढे गेला. आणि झूमचं म्हणाल तर मी सांगतेय तो प्रकार झूम न करता दिसतो, भिंतीवरची अक्षरं वाचता येत नाहीत इतका.

रेंडरबाज

८ जीबीबद्दल मीही तुमच्याच बाजूने. २०२५ मध्ये एनव्हिडियाची ५०६० टीआय आली तेव्हा रिव्ह्यूसाठी १६ जीबीची पाठवली आणि ८ जीबीची लोकांना दुकानातून विकत घेऊन तपासावी लागली. साधी ५०६० विक्रीला आली तेव्हा तर बऱ्याच स्वतंत्र समीक्षकांकडे आधी ड्रायव्हरच नव्हता. हे चूकच. तसंच डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने हार्डवेअर अनबॉक्स्डला मेल पाठवला होता की तुम्ही रे ट्रेसिंगला पुरेसं महत्त्व देत नाही म्हणून यापुढे फाउंडर्स एडिशन (एनव्हिडियाच्या स्वतःच्या नावाची) कार्डं देणार नाही, बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांत मागे घेतला. दबाव असतो, नाही म्हणत नाही.

पण गंमत बघा, त्या मेलमध्ये कंपनी म्हणत होती की नुसता रास्टरचा (रे ट्रेसिंगशिवायचा) वेग बघू नका, चित्र बघा. पिक्सेलवेडा पण तेच म्हणतायत. 'चित्र बघा' म्हटलं की कुठलं चित्र बघायचं हे कोण ठरवणार? फ्रेमला निदान घड्याळ आहे. चित्र चांगलं की वाईट हे शेवटी बघणाऱ्याचं मत, आणि जिथे मत आलं तिथे पक्षपाताला दार सताड उघडं. मला तरी आकड्यांवरच जास्त भरवसा वाटतो.

पिक्सेलवेडा

ह्या धाग्यातला सगळ्यात चांगला आक्षेप आहे हा. पण फ्रेमचं घड्याळ तरी इतकं निःपक्ष कुठे होतं? कितीतरी वर्षं सरासरी एफपीएसच (सेकंदाला किती फ्रेम) छापत होते. २०११ मध्ये टेक रिपोर्ट साइटच्या स्कॉट वॉसनने एका सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले ते मोजलं, तेव्हा कळलं की सरासरी ६० असूनही मधूनमधून ५०-५० मिलिसेकंदांचे गचके बसतायत. २०१३ मध्ये तर दोन रेडिऑन जोडून चालवले की काही फ्रेम पडद्यावर जेमतेम दोन-चार ओळींच्या दिसायच्या पण मोजणीत पूर्ण धरल्या जायच्या हे बाहेर आलं. 'अडखळतं' हे आधी लोकांचं मतच होतं, कुणीतरी मोजायची पद्धत काढली म्हणून त्याचा आकडा झाला. चित्राचंही तसंच होईल, पण कुणी बघायलाच तयार नसेल तर पद्धत निघणार कुठून?

फ्रेमवाला_नाशिक

आणि बनवलेल्या फ्रेमचं काय? मी फ्रेम जनरेशन लावून सायबरपंक खेळतो, डोळ्याला एकदम गुळगुळीत, मला काही खोटं वाटत नाही.

पिक्सेलवेडा

डोळ्याला गुळगुळीत, हे खरं आहे. पण माउस हलवल्यावर गेमला कळतं ते खऱ्या फ्रेमलाच. खऱ्या ३० असतील आणि तक्त्यात १२० छापले तर हाताला ३० चंच जड लागणार, उलट मधली फ्रेम बनवायला पुढची येईपर्यंत थांबावं लागतं म्हणून थोडं जास्तच. आणि रात्री गाडी चालवताना मागच्या लाल दिव्यांकडे बघा, मागे धूसर शेपटी राहते कधीकधी. सीईएसमध्ये हुआंगनीच सांगितलं की चार फ्रेमच्या साधारण ३.३ कोटी पिक्सेलपैकी २० लाखच मोजून काढलेत, बाकी अंदाज. अंदाज चांगला असेल, पण त्याची पट्टी खऱ्या फ्रेमच्या पट्टीला जोडून काढू नका, वेगळा तक्ता करा आणि शेजारी लेटन्सी (माउस हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ) लिहा.

ठाणेकर००७

लेटन्सीचा आकडा शेजारी, ह्याला माझा दोन्ही हात वर करून पाठिंबा.

रेंडरबाज

लेटन्सीला मीही हो म्हणतो. स्क्रीनशॉटला अजून नाही. कॅमेरा कुठे थांबवायचा हे रिव्ह्यूवालाच ठरवणार ना, कुंपणासमोर थांबवला तर एफएसआर वाईट, लाल दिव्यांमागे थांबवला तर डीएलएसएस वाईट. शिवाय चमचम आणि शेपट्या हलत्या चित्रात असतात, स्थिर फोटोत दिसतच नाहीत, आणि यूट्यूबवर टाकलं की कॉम्प्रेशनमध्ये निम्मं धुऊन जातं.

पिक्सेलवेडा

मग सेव्ह फाइल द्या. जिथे मोजलं तिथली सेव्ह, सेटिंगची फाइल, ड्रायव्हरची आवृत्ती, आणि कमी कॉम्प्रेशनची पंधरा-वीस सेकंदांची मूळ क्लिप डाउनलोडला. ज्याच्याकडे तेच कार्ड आहे तो घरी लावून बघेल आणि कॅमेरा त्याला हवा तिथे वळवेल, अगदी २००३ मध्ये आकाश उघडं पडलं तसा. गेममधल्या तयार बेंचमार्कवर (वेगाच्या चाचणीवर) तर अजिबात अवलंबून राहू नका, ती वाट कंपन्यांना पाठ असते.

जुनीमदरबोर्ड

आणि क्लिप सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं गेम चालू ठेवा म्हणावं. ८ जीबीवर टेक्स्चरं पहिल्या मिनिटात जात नाहीत, मेमरी भरल्यावर जातात.