माकडताप, डेंगी, लेप्टो... तुमच्याकडे कोण कोण येऊन गेलं?

सत्तरीकर: काल बागेच्या वरच्या बाजूला माकड मरून पडलेलं दिसलं. आई लगेच, "तिकडे कोणी फिरकू नका!" २०१५ ला इथल्या, गोव्यात सत्तरीतल्या पाळी गावात माकडताप आला, तेव्हापासून हे वाक्य घरात पाठ आहे. पुढे एका काजूच्या हंगामात बाबाच आजारी पडले. बोंडू (काजूची फळं) गोळा करून आले आणि एकदम हुडहुडी, डोकं इतकं ठणकत होतं की खिडकीतला उजेडही नको. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या पाल्यात उतरतात, मग पाला तुडवणाऱ्याला धरतात. लिहा तुमचंही.

वाळपईची: छोटी गोचीड तर खसखशीएवढी, चावलेलं कळतच नाही. बागेत जाताना हातापायांना डेपा तेल लावायचं, गोचिड्या लांब ठेवणारं. आमचे मिस्टर म्हणतात वास येतो. येऊ दे!!

फोंडेकरीण: सासरी गोचिडीवर हुर्राक, म्हणजे बोंडूची दारू, ओततात 😄 डॉक्टर ओरडले. ओतू नका, जाळू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

रेडेघाटी: गोचिडीला हुर्राक?? बाटली इकडे पाठव

म्हापसा_चौथा_मजला: आमच्याकडे डेंगी. कुंड्या, टाकी सगळं तपासलं. आरोग्य खात्याच्या बाईंनी फ्रिजमागच्या ट्रेत टॉर्च मारला तर अळ्या वळवळतायत. नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावं लागतं. अंडी कडेला चिकटून सुकी महिनोन् महिने टिकतात. आणि हा डास दिवसा चावतो, रात्रीच्या मच्छरदाणीचा काय उपयोग!

डिचोलीवाली: दीर, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. पायाला चीर, तसाच भातलावणीला शेतात उतरला. उंदरांचं मूत त्याच पाण्यात. डोळे लालबुंद, पोटऱ्यांना चादर लागली तरी कळवळायचा. डोळे पिवळे झाल्यावर कोणीतरी काविळीचा पाला दिला, त्यात दिवस गेले. शेवटी डायलिसिस. आता बरा आहे, जत्रेत नाचतो.

रेडेघाटी: बापरे. काळजी घ्या वहिनी.

नवीन_पणजीत: माकडताप घरातल्या दुसऱ्याला लागतो का? बाळ आहे लहान

वाळपईची: नाही गं, माणसाकडून माणसाला नाही. गोचीडच लागते. १९५७ ला शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, म्हणून डॉक्टर केएफडी (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) लिहितात. @सत्तरीकर आरोग्य केंद्रात कळवलंस ना? गोचिड्या मारायची पावडर टाकून जातात.

सत्तरीकर: कळवलं, उद्या येतो म्हणाले. तोवर बोंडू बंद, तेव्हा @रेडेघाटी, हुर्राक विसर.

उसगावचा: यंदा काजूला भाव काय लागला?