पॅनेलच्या पाठीमागच्या उष्णतेपासून वीज करता येईल का?

शिक्षिका_भुसावळ

नमस्कार. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. घरावर ३ किलोवॉटचं सोलर आहे. मे महिन्यात भर दुपारी पॅनेलच्या मागच्या बाजूला इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तर ६४ अंश! आणि इन्व्हर्टरवरचा आकडा जानेवारीतल्या दुपारपेक्षाही खाली.

माझ्या वर्गातल्या दोघी जणी विज्ञान प्रदर्शनासाठी हटून बसल्यात: मागे पेल्टिअर मॉड्यूल (दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकापासून वीज करणाऱ्या चकत्या) चिकटवायचे आणि ही उष्णताही विजेत बदलायची. एकीने वाचलंय की नॅनो-पृष्ठभाग असेल तर प्रकाश आणि उष्णता, दोन्हींपासून वीज होते. त्यांना नुसतं ‘होत नाही’ म्हणून गप्प बसवायचं नाहीये मला. का होत नाही आणि कुठे होतं, ते आकड्यांसकट हवंय.

सोलर_फिटर_जळगाव

मॅडम, मागे काही चिकटवू नका, आधी वॉरंटी जाईल. पॅनेल पत्र्याला टेकलेलं आहे का ते बघा, खालून वारा खेळला पाहिजे. डेटाशीटवर तापमान गुणांक, म्हणजे २५ अंशांच्या वर दर अंशाला वीज किती घटते तो आकडा, दिलेला असतो, मोनोला (एकस्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलला) उणे ०.३५ टक्क्याच्या आसपास. ६४ वजा २५ म्हणजे ३९ अंश. जवळपास १४ टक्के तिथेच गेले.

सिलिकॉन_पवई

मॅडम, मुलींचा प्रश्न मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅनेलची पाठ ६४ अंश, खालची हवा समजा ४४. फरक वीस अंशांचा. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल ते सांगणाऱ्या कार्नोच्या हिशेबाने २० भागिले ३३७ (६४ अंश केल्विनमध्ये), म्हणजे सहा टक्क्यांच्या आतच. बाजारातलं बिस्मथ टेल्युराइडचं पेल्टिअर मॉड्यूल त्यातला साधारण सहावा हिस्सा पदरात टाकतं. तेही पूर्ण वीस अंश मॉड्यूलच्या दोन तोंडांमध्ये मिळाले तर, आणि मोठ्या हीटसिंकशिवाय (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांशिवाय) ते मिळत नाहीत. ४० मिलिमीटरचं मॉड्यूल धरलं तर दोन चौरस मीटरच्या एका पॅनेलला १२५० लागतील. शिवाय ते वाऱ्याच्या आड येणार, सेल आणखी तापणार आणि वरचे ०.३५ टक्के दर अंशाला पुन्हा कापले जाणार.

आता नॅनो. गुळगुळीत सिलिकॉन ३० टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतं, म्हणून कारखान्यात त्यावर काही मायक्रॉनचे पिरॅमिड कोरतात. ब्लॅक सिलिकॉनवर त्याहून कितीतरी बारीक सुया असतात. हवेकडून सिलिकॉनकडे जाताना अपवर्तनांक हळूहळू चढतो, त्यामुळे प्रकाशाला परत फिरायला ठळक सीमाच राहत नाही. प्लाझ्मा चेंबरमधून असे वेफर (सिलिकॉनच्या पातळ चकत्या) मी काढलेत. आत जाताना चकचकीत, बाहेर येताना मखमलीसारखा काळा. हातमोज्यातलं बोट नुसतं घासलं तरी करडा डाग उठतो, तिथल्या सुया मोडलेल्या असतात.

पण सुयांमुळे पृष्ठफळ खूप वाढतं आणि पृष्ठभागावरच्या दोषांमध्ये इलेक्ट्रॉन वाया जातात. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात हेले साविन यांच्या गटाने बार्सिलोनातल्या संशोधकांबरोबर सुयांवर अणूंच्या थराथराने अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड चढवलं आणि २०१५ मध्ये २२.१ टक्के कार्यक्षमता दाखवली. मला हे काम फार आवडतं. सेल काळा करणं त्याआधीच जमलेलं होतं, पकडलेल्या प्रकाशाची वीज हातात येत नव्हती.

उष्णतेचं म्हणाल, तर तिथे वस्तू इतकी तापवावी लागते की ती स्वतःच प्रकाश टाकेल. सिलिकॉनला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश चालतो. ६४ अंशांच्या पॅनेलचं प्रारण ९ मायक्रॉनच्या आसपास असतं, सेलच्या ते काहीच कामाचं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत एका चकतीच्या उन्हाकडच्या तोंडावर कार्बन नॅनोट्यूब वाढवल्या आणि दुसऱ्या तोंडावर सिलिकॉन व सिलिकॉन डायऑक्साइडचे पातळ थर दिले. पुढून एकवटलेलं ऊन शोषायचं, मागून समोरच्या सेलला पचेल तोच प्रकाश मुख्यतः सोडायचा. तापमान हजार अंशांच्या जवळ, कार्यक्षमता ३.२ टक्के. २०२२ मध्ये एमआयटी आणि एनआरईएल या अमेरिकी सरकारी ऊर्जा प्रयोगशाळेने अशा प्रकारच्या सेलमधून ४० टक्के काढले, पण समोरची तापलेली वस्तू १९०० ते २४०० अंशांवर होती. म्हणजे मुलीने वाचलंय ते खरंच आहे, फक्त ते भट्टीच्या तापमानाला लागू पडतं, छपराच्या नाही.

शिक्षिका_भुसावळ

खूप आभार सर. ९ मायक्रॉनचं गणित वीनच्या नियमाने (तापमानावरून प्रारणाची तरंगलांबी काढायचा नियम) वर्गातच करून घेते. पण प्रदर्शनात मांडायचं काय? मुलींना हाताने करता येईल असं काहीतरी हवं.

सिलिकॉन_पवई

१२ व्होल्टची दोन सारखी छोटी पॅनेल घ्या, प्रत्येकी ३६ सेलची. एकाची पाठ मोकळी, दुसऱ्याच्या पाठीला थर्मोकोल. दोन्ही एकाच कोनात, एकाच वेळी उन्हात. वायर कशालाही न जोडता मल्टिमीटरने व्होल्टेज मोजायचं. सेलमागे दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट घटतात, म्हणजे १५ अंशांचा फरक पडला तरी व्होल्टभर तफावत दिसेल. शेजारी पेल्टिअरही ठेवा, एका बाजूला गरम पाणी, दुसऱ्या बाजूला बर्फ, आणि तापमानातल्या फरकाचा व्होल्टेजशी आलेख काढू द्या. थर्मोकोलच्या आत इन्फ्रारेड थर्मामीटर पोचणार नाही. त्याआधीच मागच्या शीटला थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) टेपने चिकटवायला सांगा.