शब्दचर्चा : गरोदरपणात प्रतिकारशक्ती ‘कमी होते’ म्हणावे का?

प्रश्न : आमच्या तालुक्यातील महिला बचत गटांसाठी गरोदरपणातील काळजीविषयी एक माहितीपत्रक मी मराठीत लिहीत आहे. त्यात मी असे वाक्य लिहिले होते : ‘गरोदरपणात आईची रोगप्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून तिचे शरीर बाळाला नाकारत नाही.’ मसुदा तपासणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी ‘कमी होते’ या शब्दांवर काट मारून समासात नुसते प्रश्नचिन्ह काढले आहे. येथे कोणते क्रियापद योग्य ठरेल? शिवाय इम्यून टॉलरन्स (परके ओळखूनही प्रतिकारयंत्रणेने त्यावर हल्ला न करणे) या संज्ञेसाठी ‘सहनशीलता’ लिहावे की ‘सहिष्णुता’, आणि ‘नाळ’ व ‘वार’ हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर : ताई, अडचण क्रियापदाच्या आधी ‘शक्ती’ या शब्दातच आहे. शक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे साठा येतो; तो वाढतो, घटतो, आजारपणात खर्च होतो आणि चांगलेचुंगले खाल्ले की भरून निघतो. रोजच्या बोलण्यात हे चालून जाते, पण गरोदरपणात जे घडते ते साठ्याच्या भाषेत मांडता येत नाही. त्यामुळे पत्रकात ‘प्रतिकारयंत्रणा’ किंवा ‘प्रतिकारसंस्था’ हा शब्द घ्यावा, कारण यंत्रणेचे काम बदलू शकते, आणि येथे नेमके तेच होते.

‘कमी होते’ ही कल्पना निराधार जन्मलेली नाही. बाळाची निम्मी जनुके वडिलांकडून आलेली असतात, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने ते अर्धे परके असते. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले तर शरीर ते नाकारू पाहते, मग हा परका जीव नऊ महिने कसा राहतो, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1953 मध्ये मांडला. त्यांनी सुचवलेल्या तीन शक्यतांपैकी एक अशी होती की, आईची यंत्रणाच त्या काळात सुस्त पडत असावी. आपले ‘कमी होते’ हे त्याच शक्यतेशी जुळते, आणि पुढच्या संशोधनात ती शक्यता टिकली नाही.

ती का टिकली नाही, हे दवाखान्यातल्या साध्या गोष्टींवरूनही दिसते. गरोदर स्त्रीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींची संख्या घटलेली नव्हे, तर वाढलेली आढळते. तिला दिलेल्या धनुर्वाताच्या लसीने तिच्या शरीरात प्रतिपिंडे (परक्या गोष्टीला ओळखून चिकटणारी प्रथिने, म्हणजे अँटीबॉडी) तयार होतात आणि ती बाळापर्यंत पोहोचतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळाच्या रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळल्यावर ती त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू शकते. ते टाळण्यासाठीच 28 व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन देतात. यंत्रणा खरोखर दुबळी झाली असती, तर या इंजेक्शनची गरजच पडली नसती. आणखी एक उदाहरण मला फार बोलके वाटते. संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, अनेक रुग्णांना गरोदरपणात आराम पडतो आणि बाळंतपणानंतर दुखणे पुन्हा उसळते, हे अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांनी 1938 मध्येच नोंदवले होते. उलट ल्युपस हा आजार, जोही प्रतिकारयंत्रणेच्याच बिघाडातून होतो, गरोदरपणात काहींच्या बाबतीत बळावतो. एकच साठा घटत असता तर दोन्ही आजार एकाच दिशेने हलले असते.

शिवाय नऊ महिने स्थिती एकसारखीही नसते. गर्भ रुजताना गर्भाशयाच्या अस्तरात दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची जोरदार हालचाल) असतो, मधले महिने तुलनेने शांत जातात आणि प्रसूतीच्या सुमारास दाह पुन्हा चढतो. म्हणून नुसते ‘बदलते’ हे खरे असले, तरी पत्रकाच्या वाचकाला त्यातून काहीच कळणार नाही. माझी सूचना अशी : ‘गरोदरपणात आईची प्रतिकारयंत्रणा आपले वागणे बदलते, ती बाळाला सामावून घेते, पण जंतूंशी लढणे सोडत नाही.’ मात्र याच्याच पुढे सावधगिरीचे वाक्य अवश्य हवे, कारण फ्लू आणि दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर स्त्रीला अधिक गंभीर होऊ शकते, आणि शेवटच्या तिमाहीतील या काविळीने आपल्या देशात बायका दगावल्या आहेत. ‘कमी होत नाही’ असे वाचून कोणी निर्धास्त होता कामा नये.

आता ‘सहनशीलता’. हा शब्द कृपया घेऊ नये. मराठीत तो बाईच्या वाट्याला इतका आला आहे की, मुकाट्याने दुखणे सोसणे हाच अर्थ आधी मनात येतो. शरीर येथे काहीही सोसत नसते. नियामक टी पेशी या पांढऱ्या पेशी बाळाचे परकेपण ओळखतात आणि हल्ला होऊ नये म्हणून इतर पेशींना आवरतात. हे ओळखून केलेले काम आहे. दुसऱ्याला दुसरा म्हणून ओळखूनही त्याला जागा देणे, हा भाव ‘सहिष्णुता’ या शब्दात आहे, म्हणून शास्त्रीय लेखनात तोच योग्य. पत्रकात मात्र ‘सामावून घेणे’ पुरेसे आहे. ‘दोन जिवांची’ म्हणणाऱ्या भाषेला ते परके वाटणार नाही.

आपण विचारलेले नाही, तरी एक सांगतो. पुढे ‘नैसर्गिक मारक पेशी’ (इंग्रजीत नॅचरल किलर, म्हणजे एनके) हा शब्द आला, तर तो शब्दशः ठेवू नये. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे 70 टक्के पेशी या जातीच्या असतात, पण तेथे त्या बाळाला मारत नाहीत. वारेला रक्त पुरवणाऱ्या नागमोडी धमन्या रुंद व्हायला मदत करतात. पहिलटकरणीने ‘मारक’ वाचले तर ती घाबरेल. ‘एनके पेशी’ लिहून त्यांचे काम सांगावे.

नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीपासून निघणारी दोरी, आणि ती जिला जोडलेली असते ती वार. ‘बाळ झालं, पण वार पडली का?’ असे घरातल्या थोरल्या बायका विचारत, तीच ही. वारेसाठीचा ‘अपरा’ हा शब्द पाठ्यपुस्तकापुरता राहू द्यावा.

पुरवणी (दुसऱ्या वाचकाकडून) : मी पशुवैद्यकीय कामात आहे. गुरांच्या वारेला आमच्याकडे ‘जार’ म्हणतात, आणि शब्दाइतकाच त्यातला फरकही मोठा आहे. गाईची प्रतिपिंडे जारेतून वासरात जात नाहीत. त्यामुळे पहिल्या काही तासांत चीक पाजला नाही, तर वासरू उघडे पडते. खरवसासाठी चीक काढून घेण्याआधी वासराचे पोट भरू द्या, असे मी गोठ्यागोठ्यांत सांगत असतो. माणसात आईची प्रतिपिंडे वारेतूनच जातात, तीही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. आईच्या चिकातली प्रतिपिंडे बहुतांशी बाळाच्या आतड्याच्या अस्तराचे रक्षण करतात. तेव्हा गोठ्यातले वाक्य जसेच्या तसे पत्रकात येऊ नये, पण ‘चीक’ हा शब्द जरूर यावा, तो सर्वांना कळतो. ‘वागणे बदलते’ मला थोडे मुलांच्या पुस्तकातले वाटते; ‘काम करण्याची पद्धत बदलते’ कसे वाटेल?

प्रश्नकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. ‘पद्धत बदलते’ घेतले आहे. मसुदा काल गटात मोठ्याने वाचला, तेव्हा एका बाईंनी विचारले, ‘यंत्रणा लढतेच आहे, तर धनुर्वाताची सुई कशाला?’ म्हणून एक वाक्य वाढवले. आता परिच्छेद असा आहे : ‘गरोदरपणात आईच्या प्रतिकारयंत्रणेची काम करण्याची पद्धत बदलते. ती बाळाला सामावून घेते, पण जंतूंशी लढणे सोडत नाही. लस घेतल्याने तिला कोणाशी लढायचे ते आधीच कळते, आणि तिने बनवलेली प्रतिपिंडे वारेतून बाळालाही मिळतात. तरीही फ्लू व कावीळ या दिवसांत जास्त त्रासदायक ठरू शकतात. ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे.’