पंधराव्या किलोमीटरनंतर पाय जड पडतात त्याबद्दल

दादा, पंधराव्या किलोमीटरनंतर पाय जड पडतात, तर वेगासाठी आणखी स्प्रिंट (थोड्या अंतराची जोरात धाव) मारू का, असं तुम्ही विचारलंत. पण तुमचा वेग कमी नाहीच. पहिले ५ किलोमीटर ५:१० ने (म्हणजे एका किलोमीटरला ५ मिनिटं १० सेकंद) काढले आणि १५ च्या पुढे ७ मिनिटांवर आलात, असं तुम्हीच लिहिलंय. मग आणखी स्प्रिंट मारून काय होणार? सुरुवातीच्या त्या जोरात स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा भराभर जळतो.

दोन तासांच्या आत हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) म्हणजे सरासरी ५:४१. पहिले पाच ५:५० ने पळा, उरलेले ५:३८ ने. १:५९:५१ ला पोचता. लोक पुढे निघून जातात तेव्हा गप राहणं, हेच खरं अवघड. केनियाचा धावपटू केल्विन किप्टम याने २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ चा मॅरेथॉन विक्रम केला, तेव्हा त्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा मिनिटभर जलद होता.

दम वाढवायला रविवारची लांब धाव, तीही गप्पा मारता येतील इतकी सावकाश. मी इथं लातूरला औसा रोडवर दोन महिने तेवढंच केलं, खूप फरक पडला. आणि मार्चनंतर आपल्याकडे उजाडायच्या आत आटपा. उन्हात त्याच वेगाला नाडी कितीतरी वर जाते.

सध्या तुमची लांब धाव किती किलोमीटरची असते?