ओपनएलडॅप: नोंद जोडताना त्रुटी ६५ का?

प्रश्न: ओपनएलडॅपमध्ये (वापरकर्त्यांच्या नोंदी ठेवणारा डिरेक्टरी सर्व्हर) लिनक्स लॉगिनसाठी नोंद जोडायची आहे. ऑब्जेक्टक्लास (नोंदीत कोणती माहिती येते ते ठरवणारे प्रकार) तीन दिलेत: अकाउंट, इनेटऑर्गपर्सन, पॉझिक्सअकाउंट. एलडॅपअ‍ॅड त्रुटी ६५ (ऑब्जेक्टक्लासचा नियम मोडला) देऊन थांबतं. अ‍ॅट्रिब्यूट (नोंदीतले रकाने) सगळे भरलेत. चुकतंय कुठे?

उत्तर: अकाउंट काढून टाका. एका नोंदीत स्ट्रक्चरल क्लासची (नोंदीचा मूळ प्रकार ठरवणाऱ्या ऑब्जेक्टक्लासची) एकच साखळी चालते. इनेटऑर्गपर्सनची साखळी टॉप, पर्सन, ऑर्गनायझेशनलपर्सन अशी खाली येते; अकाउंट थेट टॉपखालचा, म्हणजे वेगळी फांदी. पॉझिक्सअकाउंट ऑक्झिलरी (पूरक) आहे, तो दोन्हींना जोडता येतो. पण तो एकटाच दिलात तरी पुन्हा ६५च, कारण मग स्ट्रक्चरल क्लासच उरत नाही.

दुसरं उत्तर: अकाउंट काढल्यावर एसएन (आडनाव) तपासा, तो बऱ्याचदा राहून जातो. पर्सनमुळे सीएन (पूर्ण नाव) आणि एसएन अनिवार्य. पॉझिक्सअकाउंटमुळे यूआयडी (लॉगिननाव), यूआयडीनंबर (वापरकर्ता क्रमांक), जीआयडीनंबर (गट क्रमांक), होमडिरेक्टरी. लॉगिनशेल ऐच्छिक. यूआयडीनंबरला एकच मूल्य चालतं, मेलला कितीही.

देवनागरी नाव एलडिफमध्ये (नोंदी लिहिण्याची मजकूर फाइल) बेस६४ (साध्या इंग्रजी अक्षरांतलं रूप) करून, दोन कोलननंतर लिहा. एकच कोलन दिलात तर बेस६४ची अक्षरंच नाव म्हणून साठतात, आणि त्रुटीही दिसत नाही.

प्रश्नकर्ता: एसएनही राहिला होता. आता डीएनमधला (नोंदीच्या पूर्ण नावातला) यूआयडी बदलायचाय.

उत्तर: साध्या मॉडिफायने होणार नाही, तो नोंदीच्या नावाचा भाग आहे. मॉडआरडीएन (नोंदीचं नाव बदलणारी क्रिया) वापरा, जुनं मूल्य नको असेल तर '-आर' पर्यायासह.